बाण कुठल्या बाजूला?

जुनी गाडी धक्के खायला लागली की मालक पहिल्यांदा पेट्रोल पंपाला शिव्या घालतो. मग रस्त्यांना, मग हवेला, मग गाडीला शेवटचा हात लावणाऱ्या मेकॅनिकला. एवढ्यांचा उद्धार झाला की मग कुठे फिल्टरचं नाव निघतं, आणि तेही मालक काढत नाही, शेजारी काढतो. फिल्टर ही वस्तूच तशी दुर्लक्षित. बॅटरीचं वॉरंटी कार्ड कपाटात जपून ठेवलं जातं, टायरची नक्षी नखाने तपासली जाते, पण फ्युएल फिल्टर शेवटचा कधी बदलला हे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच की तो चोख काम करतो. टाकीतला कचरा अडवायचा आणि स्वतःजवळ ठेवून घ्यायचा, ही त्याची नोकरी. जितकी चोख नोकरी, तितका तो लवकर चोंदतो. आणि चोंदला की कामचुकार ठरतो.

आमची गाडी मारुती 800, कार्बोरेटरची. 1983च्या डिसेंबरात पहिली मारुती 800 रस्त्यावर आली आणि 2014च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत 796 सीसीच्या त्या तीन सिलिंडरांनी अर्ध्या मध्यमवर्गाला गाडी चालवायला शिकवलं, आणि सहा माणसं, दोन बॅगा नि एक प्रेशर कुकर घालून महाबळेश्वरला नेऊन आणलं. आमची 1996ची. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत तिची नोंदणी वाढवून घेतली, पर्यावरण कर भरला. तेव्हा सरकारच्या लेखी ती म्हातारी नाही, नियमित आहे. सोसायटीच्या लेखी मात्र ती 'अजून आहे का?' या वर्गात मोडते.

अशा गाडीचा फिल्टर घरीच बदलावा लागतो, याचं कारण काटकसर नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली तर तिथला तरुण मुलगा आधी स्कॅनर जोडायची जागा शोधतो. डॅशबोर्डखाली वाकून बघतो, सीटखाली बघतो, मग आपल्याकडे असं बघतो की जणू ती जागा आपणच लपवून ठेवली आहे. या गाडीला काही विचारायचं असेल तर बॉनेट उघडून कान लावायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आणि ज्यांना ते येत होतं ते मिस्त्री एकतर गावी परतले किंवा फ्लेक्सवर 'भावी नगरसेवक' झाले.

चोंदलेल्या फिल्टरची लक्षणं देवभोळ्या माणसाला हमखास फसवतात. सिग्नलला, भाजीच्या गल्लीत, पार्किंगमध्ये गाडी अगदी गुणी. तिथे इंजिनाला पेट्रोल लागतंच किती? तेवढं अर्धमेला फिल्टरही सोडतो. खरी परीक्षा घाटात. दुसरा गिअर, भरलेली गाडी आणि समोर चढ. इंजिन पेट्रोल मागतं आणि फिल्टर हात वर करतो. कार्बोरेटरच्या पोटात पेट्रोल साठवायची एक छोटीशी वाटी असते. ती रिती झाली की गाडी दोन-चार आचके देते आणि गप्प होते.

जुन्या हायवेने बोरघाट चढताना हे शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास घडावं, यासारखा योग नाही. घाटाची वाट इंग्रजांना ज्याने दाखवली असं सांगतात, तो हा धनगर. ड्रायव्हर मंडळी आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. आपणही उतरतो, नाणं टाकतो, हात जोडतो. तेवढ्या वेळात इंजिन बंद असल्यामुळे पेट्रोलची ओढ थांबलेली असते, फिल्टरच्या कागदाला घट्ट चिकटलेला गाळ जरासा सुटतो. परत किल्ली फिरवली की पंप कार्बोरेटरची वाटी पुन्हा भरतो आणि गाडी सुरू! मागच्या सीटवरून आई म्हणते, "बघ, मी म्हणत होते ना, नाणं टाक म्हणून." शिंग्रोबाच्या खात्यावर अशा किती फिल्टरांचं पुण्य जमा असेल, त्याचा हिशेब देवस्थानाकडेही नसेल. पुढच्या वळणावर गाडी पुन्हा बंद पडते, तेव्हा नाणं लहान होतं असं ठरतं.

हा कचरा येतो कुठून? थोडा पंपावरून, पण बराचसा आपल्या स्वभावातून. टाकी कधी पूर्ण भरायचीच नाही, हे आमच्याकडचं जुनं व्रत आहे. "पाचशेचं टाका." आजच्या भावात पाचशेचं पेट्रोल पाच लिटरसुद्धा होत नाही, पण आकडा मागच्या पिढीपासून कायम. त्यातले चतुर लोक पाचशे दहाचं मागतात, कारण गोल आकड्याला मीटरमध्ये मारतात अशी त्यांची खात्री असते. मीटरवर मात केल्याच्या आनंदात टाकी वर्षानुवर्षं पाऊण रिकामी राहते. पावसाळ्यात त्या रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं, पाण्याने पत्रा गंजतो आणि गंज तळाला बसतो. वाचवलेले दहा रुपये शेवटी फिल्टरमध्ये सापडतात, लाल रंगाचे.

आता त्यात उसाची भर पडली आहे. 2003 साली महाराष्ट्रासकट काही राज्यांत पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. 2022मध्ये ते 10 टक्क्यांवर गेलं, 2025मध्ये 20 टक्क्यांवर. म्हणजे पाच लिटर पेट्रोल घेतलं की त्यातला एक लिटर उसाचा, मळीचा, नाहीतर मका-तांदळाचा. माझे मामा सांगली जिल्ह्यात ऊस लावतात. पेट्रोलात ऊस आल्यापासून ते माझ्या गाडीत मालकाच्या थाटात बसतात. "आमच्या उसावर चालतीया रं तुझी गाडी," असं म्हणून दार जोरात लावतात. पेट्रोलात धान्य असतं हे कळल्यावर आईने विचारलं, "मग एकादशीला गाडीत बसलेलं चालतं का?" या प्रश्नावर पेट्रोलियम मंत्रालयाचं कोणतंही परिपत्रक नाही.

इथेनॉल म्हणजे शेवटी अल्कोहोलच, आणि पोटात गेल्यावर जुन्या गोष्टी उकरून काढायचा त्याचा गुण टाकीतही सुटत नाही. तळाशी वर्षानुवर्षं मुकाट बसलेला चिकट थर ते सोडवतं. जुन्या रबरी नळ्या त्याच्यासाठी बनलेल्याच नव्हत्या. त्या आतून फुगतात, भुसभुशीत होतात आणि त्यांचे काळे कण प्रवासाला निघतात. हवेतलं पाणी ओढून घ्यायचीही त्याला हौस आहे. हे सगळं वऱ्हाड मिळून येतं ते फिल्टरच्या दारात. कार्बोरेटरच्या जेटचं भोक जेमतेम एक मिलिमीटरचं. तिथपर्यंत हे वऱ्हाड पोचू नये म्हणून मध्ये काय उभं आहे? बोटभर प्लास्टिकच्या डबीतला चुण्या घातलेला कागद.

तो आणायला नाना पेठेत जावं लागतं. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गिऱ्हाइकाची तोंडी परीक्षा असते. "मारुतीचा फिल्टर द्या," म्हटलं की दुकानदार मान वर न करता विचारतो, "कुठला? ऑइल, एअर की पेट्रोल?" पेट्रोल. "कार्बोरेटर की एमपीएफआय?" इथे बरेच जण गळतात आणि घरी फोन लावतात. साधारण 2000 सालापासून मारुती 800 मध्ये एमपीएफआय आलं. त्या गाड्यांचा फिल्टर पत्र्याचा, आणि त्यातलं पेट्रोल दाबाखाली असतं. आधी पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून तो दाब घालवायचा असतो, नाहीतर नळी सुटल्यावर पेट्रोलची पिचकारी थेट डोळ्यांत. त्या मानाने आमचा कार्बोरेटरवाला गरीब. पुढचा प्रश्न मात्र खरा अवघड: "ओरिजिनल देऊ, कंपनीचा देऊ की चांगला देऊ?" या तिन्हींत फरक काय, असं विचारलं तर दुकानदार तीन सारख्याच डब्या काउंटरवर मांडतो आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मी मधली उचलली. मध्यमवर्गीय माणूस दुसरं काय करणार?

आता कृती. पाककृतीच्या भाषेत सांगायचं तर साहित्य: नवा फिल्टर, दोन नवे क्लिप, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, जुना बनियन, एक पसरट डबा. वेळ पंधरा मिनिटं. इंजिन थंड असावं. काम उघड्यावर करावं, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत सरपटत राहते आणि ठिणगी शोधते. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करावं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. त्याने स्टिरिओवर लावून ठेवलेली विविधभारती पुसली जाते, आणि घरात त्याची चर्चा फिल्टरपेक्षा जास्त होते. पण ठिणगीपेक्षा चर्चा परवडली.

पंधरा मिनिटांचा हा हिशेब निर्जन बेटावरचा आहे. आपल्याकडे बॉनेट उघडणं ही खाजगी बाब नाही. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेटची काठी लागल्याचा 'टक' असा आवाज झाला की तो चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातो. एरवी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला गणसंख्या भरत नाही म्हणून ती अर्धा तास तहकूब करावी लागते. बॉनेट उघडा, गणसंख्या सात मिनिटांत.

पहिले आले दुसऱ्या मजल्यावरचे काका. चिंचवडला कारखान्यात इंजिनीअर होते, आता निवृत्त. हातात चहाचा कप. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावून पहिलाच निकाल दिला, "फिल्टर नाही, कॉइल आहे." मग सेक्रेटरी आले. त्यांनी आधी खाली सांडलेलं तेल आहे का ते पाहिलं, मग मेंटेनन्सची थकबाकी आठवली आणि शेवटी इंजिनाकडे पाहिलं. तिसरे गृहस्थ पेटलेली सिगारेट घेऊन आले आणि म्हणाले, "पेट्रोलचं काम आहे, जरा सांभाळून हं." त्यांना गेटपाशी नेऊन उभं केलं. तिथूनही ते सूचना देत राहिले, आणि आवाज लांबून यायचा असल्यामुळे त्या जास्त अधिकृत वाटायला लागल्या. वरच्या गॅलरीतून काकू ओरडल्या, "गॅसचा वास येतोय का हो?" त्यांना पेट्रोल आहे असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे," आणि खिडक्या लावून घेतल्या.

जुना फिल्टर काढणं म्हणजे जोर लावायचं नव्हे, जोर आवरायचं काम आहे. स्प्रिंगचा क्लिप पक्कडीने दाबून मागे सरकवायचा. पक्कड जरा निसटली की तो जो उडतो तो पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत सापडतो. म्हणून तर नवे आणायचे. इतक्या वर्षांत नळी प्लास्टिकच्या तोंडावर चिकटून बसलेली असते. ती ओढायची नाही. आधी जागच्या जागी पिळायची, पकड सुटली की मग हळूच काढायची. गर्दीचं म्हणणं बरोबर उलटं असतं. "ओढा हो, काय होतंय?" असं म्हणणाऱ्या माणसाची ती गाडी कधीच नसते. नळी सुटली की टाकीकडच्या तोंडातून पेट्रोल ठिबकतं. तिथे बोळा म्हणून घालायला योग्य जाडीचा बोल्ट लागतो, आणि तो वॉचमनने टेबलाच्या खणातून काढून दिला. त्या खणात रजिस्टर सोडून सगळं असतं.

नवा फिल्टर हातात घेतला आणि खरी सभा सुरू झाली. कारण फिल्टरवर बाण असतो.

"बाण टाकीकडे," काका म्हणाले. "घाण कुठून येते ते दाखवलेलं असतं."

"बाण वर," सेक्रेटरी म्हणाले. "खोक्यांवर असतो तसा. उलटं धरू नये म्हणून."

"कसाही लावा," गेटवरून आवाज आला. "पेट्रोलला काय वाचता येतंय?"

"बाण इंजिनाकडे," मी म्हणालो. "पेट्रोल जिकडे जातं तिकडे."

यावर अशी शांतता पसरली की मी काहीतरी असभ्य बोललो असं मलाही वाटायला लागलं. खरं तर गोष्ट सरळ आहे. पेट्रोल कागदाच्या बाहेरून आत जातं, त्यामुळे कचरा बाहेर राहतो आणि पारदर्शक डबीतून दिसतो. उलटा लावला तर गाडी काही दिवस चालेलही, पण घाण चुण्यांच्या आत साठणार आणि आपण बाहेरून स्वच्छ कागद बघत कॉइल बदलत बसणार. हे मी समजावून सांगितलं. काकांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "थिअरी बरोबर आहे." आपल्याकडे हे वाक्य 'तुम्ही चूक आहात' या अर्थाने वापरतात.

तोडगा म्हणून सेक्रेटरींनी बाहेरच्या तज्ज्ञाचं मत मागवावं असं सुचवलं. मी मामांना फोन लावला, स्पीकर चालू केला. मामांकडे महिंद्राची डिझेल जीप आहे. त्यांच्या शिवारात दहावीतलं पोरसुद्धा ट्रॅक्टरचा फिल्टर बदलून मग शाळेला जातं, आणि त्यासाठी कुणी खुर्च्या मांडून बसत नाही.

"बाण?" मामा म्हणाले. "बाणाचं जाऊ दे. एअर काढलीस का?"

"मामा, ही पेट्रोलची आहे."

"ती कशाची बी असू दे. एअर काढल्याबिगर चालू हुती व्हय?"

डिझेलच्या गाडीत हेच अर्धं शास्त्र आहे. फिल्टर बदलला की लाइनीत हवा शिरते. डिझेल पंपाला ती हवा चालत नाही; एक बुडबुडा अडकला तरी इंजिन ढिम्म हलत नाही. मग फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करायचा आणि छोटा हातपंप दाबत राहायचं, येणारा फेस थांबून निव्वळ डिझेलची धार लागेपर्यंत. मग स्क्रू आवळायचा. पेट्रोलच्या कार्बोरेटरला यातलं काही लागत नाही. पण सभेला 'एअर' हा शब्द फार आवडला. त्यात गूढ होतं. काकांनी ताबडतोब कॉइल सोडली. "मी मघापासून म्हणतोय, एअर असणार," असं म्हणून ते मामांच्या बाजूला गेले.

मी बाण इंजिनाकडे ठेवून फिल्टर बसवला, क्लिप आवळले, बॅटरीची वायर जोडली आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली नाही.

इथे माणसाच्या धीराची कसोटी असते. फिल्टर कोरडा असतो, वाटी रिकामी असते. इंजिनाबरोबर फिरणारा पंप टाकीपासून पेट्रोल ओढून आणेपर्यंत स्टार्टरला मेहनत करावीच लागते. पाच-सात सेकंद फिरवायचं, थोडं थांबायचं, पुन्हा फिरवायचं. हे मला माहीत होतं, गाडीला माहीत होतं. पण त्या थांबण्यात गर्दीच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी कुणाच्याही लग्नात पाहिलेलं नाही. "बाण," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "एअर," काका म्हणाले. "गॅरेजवाला आहे आपल्या ओळखीचा," गेटवरून आवाज आला. पारदर्शक डबीत मात्र पेट्रोल चढत होतं, कागद भिजत होता. आणखी एकदा किल्ली फिरवली आणि तिन्ही सिलिंडर बोलायला लागले.

गर्दी जरा हिरमुसली, पण लगेच सावरली. कारण यशाचं वाटप बाकी होतं. मी बनियनच्या कोरड्या कोपऱ्याने जोड पुसून गळती बघत होतो, तोवर गाडी काकांच्या निदानाने, मामांच्या मार्गदर्शनाने, वॉचमनच्या बोल्टने आणि सेक्रेटरींच्या परवानगीने सुरू झाली होती. जुना फिल्टर मी उलटा करून वर्तमानपत्रावर झटकला. तपकिरी गंज, काळं रबर, वाळूसारखं काहीतरी आणि एक मुंगी. मुंगी तिथे कशी गेली यावर स्वतंत्र सभा झाली. मामांच्या उसाकडे संशयाची सुई वळली. काकांनी तो फिल्टर उजेडात धरला, फुंकून पाहिला आणि म्हणाले, "हा अजून वर्षभर चालला असता. टाकू नका, अडीअडचणीला होईल." मी तो खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यात ठेवला. तिथे अडीअडचणीसाठी जपलेले चोंदलेले फिल्टर आणखीही आहेत.

या सगळ्या वेळात चौथ्या मजल्यावरचा तरुण थोडा बाजूला उभा होता. नवी कोरी गाडी, नव्या कंपनीत नोकरी. त्याच्या गाडीला काही झालं तर ती फोनवर कळवते, आणि तो कंपनीला कळवतो. मध्ये कुणाला काही बोलायला जागाच नाही. तो आजवर पार्किंगमध्ये कुणाशी बोललेला मी पाहिला नव्हता. आज त्याने घसा खाकरला आणि विचारलं, "काका, माझ्या गाडीत हा फिल्टर कुठे असतो?"

माझी मारुती तिथेच गुरगुरत राहिली आणि सगळी सभा त्याच्या गाडीकडे सरकली. सिगारेटवाले गृहस्थसुद्धा सिगारेट विझवून आले. त्याला बॉनेट उघडायचा खटका सापडेना. तो वॉचमनने दाखवला. बॉनेट वर गेलं. आत एक मोठं काळं प्लास्टिकचं झाकण, त्यावर कंपनीचं नाव. नळी नाही, क्लिप नाही, डबी नाही. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर बहुधा टाकीच्या आतच, पंपाला जोडून बंद केलेला असतो, असं मी सांगून पाहिलं. पण ज्यावर मत देता येत नाही अशी गाडी असू शकते, हे मान्य करायला कुणी तयार नव्हतं.

सेक्रेटरींनी वाकून बाजूने पाहिलं. तरुणाने फोनवर काहीतरी शोधलं. शेवटी काकांनी कप माझ्या हातात दिला, त्या झाकणावर दोन टिचक्या मारल्या आणि आवाज नीट ऐकून घेतला.

"फिल्टर दिसत नसला तरी," ते म्हणाले, "बाण इंजिनाकडेच असणार. मी मघाशी ह्यांना तेच सांगत होतो."